ॲम्प्लिफायर फक्त सर्किटमध्येच असतो का?

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे माझं मराठी जरा अडखळतं. सांभाळून घ्या!

'उद्याचा पेपर पुढे ढकलला' ही बातमी रात्री एका खोलीत शिरते आणि दहा मिनिटांत शेवटच्या विंगपर्यंत जाते. वाटेत ती क्षीण होत नाही, कारण प्रत्येक खोली ती नव्याने ओरडते. पाण्यात शाई विरते तशी ती विरली असती, तर जिन्यापर्यंतही पोचली नसती.

बेलुसोव्ह-झाबोटिन्स्की रिॲक्शनमध्ये नेमकं हेच घडतं. बशीत लाल द्रवाचा पातळ थर असतो. त्याला चांदीची तार टेकवली की निळी लाट सुटते. ब्रोमाइड हा या रिॲक्शनचा ब्रेक. चांदी तो तेवढ्या जागी काढून घेते. मग ब्रोमस ॲसिड स्वतःच स्वतःला वाढवतं आणि शेजारच्या द्रवाला पेटवतं. नुसत्या डिफ्यूजनने एक सेंटीमीटर जायला लहान रेणूला दहा-पंधरा तास लागतात. ही लाट मिनिटाला काही मिलिमीटर जाते, तीही न विरता. म्हणजे सेन्सर, ॲम्प्लिफायर आणि वायर, तिन्ही कामं एकाच द्रवात. बॅटरी नाही की ट्रान्झिस्टर नाही!

आणि आपण? फर्स्ट इयर सुटलं की केमिस्ट्रीला रामराम. फायनल इयरला सेन्सर म्हटलं की मायक्रोकंट्रोलरच. जिथे विजेचा भरवसा नाही, अशा दवाखान्यात स्वतःच सिग्नल वाढवणारी पट्टी किती उपयोगी पडेल, हा विचार कोणी करायचा?

अडचणी आहेतच. अफवाही बातमीइतक्याच जोरात पसरते. तसंच धुळीच्या कणानेसुद्धा खोटी लाट सुटू शकते. काही तासांत इंधन संपतं. पण कशाने पेटायचं आणि कशाने नाही, ती मर्यादा ठरवणं हे तर इंजिनिअरचंच काम ना?

बोरिस बेलुसोव्ह यांचा निबंध 1951 च्या सुमारास 'हे अशक्य' म्हणून परत आला. 1959 मध्ये तो एका संग्रहात कसाबसा छापला गेला. लेनिन पुरस्कार मिळाला 1980 मध्ये. ते तर 1970 मध्येच गेले होते. आपण मात्र पुस्तकाशी न जुळणारं रीडिंग जर्नलमध्ये गुपचूप 'जुळवून' टाकतो. मीही टाकलंय.

म्हणून सरांना एकच विनंती: यंदा एका तरी प्रोजेक्ट ग्रुपला, तुमच्या देखरेखीखाली, केमिस्ट्री लॅबची किल्ली द्या. रीडिंग जुळलं नाही तर मार्क कापू नका, 'असं का झालं?' एवढंच विचारा.