कर्ज आणि कॉन्सलपद

प्राचीन रोममधील कुलीन पॅट्रिशियन आणि सामान्य प्लेबियन यांचा दोनशे वर्षे चाललेला झगडा हा वस्तुतः सधन प्लेबियनांच्या पदलालसेचा इतिहास असून, कर्जाने गांजलेल्या गरिबाला कॉन्सलपदाचे, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकारपदाचे, काडीचेही सोयरसुतक नव्हते, असे मत पुष्कळदा मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. हे मत अगदीच निराधार नाही. इ. स. पू. ३६७ च्या कायद्यांचे जनक लिसिनियस आणि सेक्स्टियस हे ट्रिब्यून, म्हणजे प्लेबियनांचे कैवारी अधिकारी, काही कंगाल नव्हते. आणि पाचशे युगेरांहून अधिक सार्वजनिक जमीन कोणी बाळगू नये असा निर्बंध घालणाऱ्या लिसिनियसलाच पुढे त्या निर्बंधाच्या भंगाबद्दल दंड भरावा लागला, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. (लोकां सांगे ब्रह्मज्ञान या वर्गातले पुरुष रोमलाही परके नव्हते!)

लिव्हीचाच दुसरा दाखला पूर्वपक्षाला अधिकच अनुकूल वाटतो. ३६७ च्या तीन ठरावांपैकी, दिलेले व्याज मुद्दलातून वजा करून बाकी तीन वर्षांत समान हप्त्यांनी फेडावी हा कर्जाचा ठराव आणि जमिनीचा ठराव लोकांना हवे होते. दोन कॉन्सलांपैकी एक प्लेबियन असावा हा तिसरा ठराव मात्र ते सोडून द्यावयास सिद्ध होते. ट्रिब्यूनांनी निक्षून सांगितले की, घ्यावयाचे तर तिन्ही घ्या. विरोधकांना यात स्वार्थ दिसतो. मला त्यात राज्ययंत्राची खरी जाण दिसते.

कारण ज्याच्या अमलाखाली कर्जाचा कायदा चालावयाचा, तो अंमलदारच सावकाराच्या गोतातला असेल, तर सवलत कागदावरच राहणार. इ. स. पू. ४५० च्या सुमारास बारा पट्टिकांच्या रूपाने कायदा लेखी झाला, परंतु त्याच कायद्याने, तीस दिवसांची मुदत टळल्यावर ऋणकोस बेड्या घालण्याचा आणि अखेर टायबरपलीकडे विकण्याचा अधिकार धनकोस दिला. ट्रिब्यून अशा वेळी जातीने आडवा येई खरा, पण शहराबाहेर फार दूरवर त्याची सत्ता चालत नसे. आणि हे ट्रिब्यूनपद तरी कुलीनांच्या औदार्याने मिळाले काय? पोट आणि अवयवांची गोष्ट सांगून कुलीनांचा दूत म्हणून आलेल्या मेनेनियस अॅग्रिपाने लोकांना वळवले ही कथा गोड आहे. परंतु ४९४ मध्ये शहर सोडून पवित्र टेकडीवर जाऊन बसलेले ते लोक म्हणजे रोमची फौज होती, आणि ते परतले ते ट्रिब्यून पदरात पाडून घेऊनच.

आता फलश्रुती पाहू. ३६६ मध्ये सेक्स्टियस कॉन्सल झाला. आणि चाळीस वर्षांनी, ३२६ मध्ये, कर्जापायी माणसाचे शरीरच गहाण पडण्याची चाल ज्या कायद्याने मोडली, त्यास पोएटेलियस या प्लेबियन कॉन्सलाचे नाव आहे.

पुढे सधन प्लेबियन जुन्या कुलीनांत मिसळून नवा सरदारवर्ग बनला, हा आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. कॉन्सल निवडणाऱ्या शतकसभेत १९३ शतके, त्यांपैकी अश्वारोहींची १८ आणि पहिल्या धनिक वर्गाची ८० एकमत झाली की निकाल लागे, आणि गरिबांच्या मताचा पुकाराही होत नसे. म्हणूनच प्लेबियनांचा आग्रह स्वतःच्या सभेविषयी होता, जिथे मते जमातवार पडत, संपत्तीच्या प्रतवारीने नव्हे. २८७ मध्ये कर्जाने जेरीस आलेले लोक जानिक्युलम टेकडीवर निघून गेले, तेव्हा हॉर्टेन्शियस या प्लेबियन डिक्टेटराने त्यांना परत आणले, आणि त्यासाठी कायदा करावा लागला तो या सभेचा ठराव सर्व रोमनांवर, पॅट्रिशियनांसुद्धा, बंधनकारक करणारा.