बॅकअप कोणी घ्यायचा होता?

गेल्या महिन्यात आपल्या अंकाची जुनी वेबसाइट गेली. सर्व्हरची डिस्क बिघडली, आणि तिचा बॅकअपही त्याच डिस्कवर होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. चार वर्षांचे लेख गेले, शिष्यवृत्त्यांची माहिती गेली. ती पुन्हा लिहिता येईल. पण २६ जुलै २००५ च्या पुरात गाढी नदीचं पाणी घरात शिरलं, त्या रात्रीच्या आठवणी पनवेलच्या काही बुजुर्गांनी आपल्याला सांगितल्या होत्या. त्यांच्या आवाजातलं ते रेकॉर्डिंगही तिथेच होतं. बोलणाऱ्यांपैकी दोघं आता हयात नाहीत.

बातमी कळल्यावर ग्रुपवर पहिला तासभर हळहळ चालली. मग आरोपी शोधणं सुरू झालं. कुणी म्हणालं होस्टिंगवाल्यावर केस करा, कुणी म्हणालं पैसे वाचवायला स्वस्तातलं घेतलं की असंच होणार. शेवटी सगळी बोटं साइट सांभाळणाऱ्या मुलाकडे वळली. तो इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजहून आल्यावर रात्री हे काम करायचा, एक पैसाही न घेता. "एवढंसुद्धा जमलं नाही का?" असं एकाने लिहिलं. त्या रात्री तो ग्रुपमधून बाहेर पडला. मी सगळं वाचत होतो आणि गप्प बसलो.

तेव्हा जे लिहायला हवं होतं ते आज लिहितो. चार वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नाही की कॉपी कुठे ठेवतोस. बॅकअप हे त्याचं काम आहे, असं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. आम्ही सगळ्यांनी धरून चाललो की कुणीतरी घेतच असेल.

मोठ्या कंपन्यांतही हेच घडतं. जगभरातले प्रोग्रामर आपलं काम ज्या गिटलॅबवर ठेवतात, तिथे ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनिअरने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला. चूक लक्षात येऊन त्याने हात आवरला, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरला होता. बॅकअपचे पाच वेगवेगळे मार्ग होते. ऐनवेळी त्यातला एकही कामी आला नाही. रोजचा बॅकअप तर सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचे इशारे देणारे ईमेल पोचण्याआधीच नाकारले जात होते! कंपनी वाचली ती सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेल्या एका कॉपीमुळे. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र कायमचा गेला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चूक करणाऱ्याचं नाव त्यांनी आपल्या अहवालात टाळलं. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर सगळ्यांसमोर केलं. बॅकअप नीट होतोय का हे तपासण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती, हे त्यांनी त्या अहवालात स्वतः लिहून टाकलं. आणि त्यांच्या वापरकर्त्यांपैकी अनेकांनी शिव्या देण्याऐवजी त्या इंजिनिअरला धीर दिला.

आपल्याकडचं उदाहरण कागदांचं आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वर मुख्यमंत्री कार्यालयापर्यंत पोचली. पाच माणसं गेली, असंख्य फायली जळाल्या. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, आदर्श घोटाळ्याच्या कागदांचं काय झालं? ते सीबीआयकडे होते, म्हणून वाचले. मंत्रालयाच्या कपाटांचा त्यात काही हात नव्हता.

हे फक्त वेबसाइटपुरतं नाही. जून २०२५ मध्ये 'उम्मीद' पोर्टल सुरू झालं, तेव्हा मशिदी आणि कब्रस्तानांचे कागद सहा महिन्यांत चढवायची विश्वस्तांची धावपळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. स्कॅनिंगची कामं तरुण मुलांनीच केली असतील. त्या स्कॅन आज कुठे आहेत? झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर की कुणाच्या जुन्या फोनमध्ये? आपल्या जमातीच्या विश्वस्तांना या शुक्रवारी विचारून पाहा. पोर्टलवर चढवलं म्हणजे आपल्याजवळ राहिलं, असं होत नाही.

आमच्यापुरतं ठरलंय ते असं. बॅकअपची जबाबदारी दोघांवर राहील, एक संपादक मंडळातला आणि एक बाहेरचा. दर महिन्याला दोन हार्ड डिस्कवर कॉपी निघेल. एक पनवेलमध्ये राहील, दुसरी पनवेलबाहेर. (नदीकाठच्या घरात एकही नाही, हे एका आपांनी मीटिंगमध्ये सुनावलं.) दर तीन महिन्यांनी ती कॉपी खरोखर उघडून बघायची, रेकॉर्डिंग लावून ऐकायचं. न उघडलेल्या कॉपीवर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

इंटरनेट आर्काइव्हवर आपली बरीच पानं सापडली आहेत, पण मजकूरच; आवाज सापडला नाही. पुराच्या आठवणींची एखादी फाइल कुणी उतरवून घेतली असेल, घरच्यांना ऐकवायला फोनमध्ये ठेवली असेल, तर कृपया शोधा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि आमच्याकडून पोच येईपर्यंत तुमच्या फोनमधली फाइल पुसू नका.

त्या मुलाच्या घरी मी रविवारी जाणार आहे.