मनोरुग्णाच्या सोबतीला कोण?

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. मनाला उद्देशून २०५ श्लोक रचणारे समर्थ याच मातीत जन्मले आणि त्या श्लोकांचे संस्कार आजही अनेक घरांत लहान मुलांवर होतात. मात्र त्याच घरातील एखाद्या तरुणाचे मन खरोखर आजारी पडले, तर त्याला कोणाकडे न्यावे हे घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक नसते. मनाच्या संस्काराची एवढी थोर परंपरा लाभलेल्या समाजाने मनाच्या व्याधीविषयी इतके अनभिज्ञ राहावे, ही विसंगती अंतर्मुख करणारी आहे.

स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, ही व्याधी बहुधा विशी-पंचविशीच्या उंबरठ्यावर घरात शिरते. महाविद्यालयात जाणारा मुलगा एकलकोंडा होतो, रात्र रात्र जागतो, स्वतःशीच पुटपुटतो. कानात कोणीतरी बोलते, शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत, जेवणात काही कालवले आहे, असे त्याला निश्चितपणे वाटू लागते. घरचे प्रथम रागावतात, मग घाबरतात. कोणी 'बाहेरची बाधा' म्हणते, कोणी करणीचा संशय घेते आणि देवऋषींच्या फेऱ्या सुरू होतात. गावात बोभाटा नको म्हणून मुलाला घरातच ठेवले जाते. शेवटी 'दोनाचे चार हात झाले की सुधारेल' असे म्हणून त्याचे लग्न लावून दिले जाते. त्या विवाहाने व्याधी बरी होत नाहीच, उलट एका निरपराध मुलीच्या आयुष्याची फरफट होते. ज्या समाजाला कुटुंबसंस्थेचा अभिमान आहे, त्याने ही फसवणूक 'घरची गोष्ट' म्हणून पोटात घालू नये.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी सुमारे ०.४ टक्के व्यक्ती पाहणीच्या काळात अशा तीव्र चित्तविकृतीने ग्रस्त होत्या आणि त्यांपैकी चारातील सुमारे तिघांना उपचार मिळत नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांहून अधिक होती. त्यात प्रौढ बारा लाख धरले आणि हेच प्रमाण लावले, तर जिल्ह्यातील रुग्णांची संख्या पाच हजारांच्या आसपास जाते.

औषधे घेणे म्हणजे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण, असे मानणारा एक वर्ग आपल्यातही आहे. त्याने चरकसंहिता उघडून पाहावी. तीत निदानस्थान आणि चिकित्सास्थान अशा दोन्ही ठिकाणी उन्मादाला स्वतंत्र अध्याय आहे. निदानस्थानातील अध्यायात रोगाचा दोष देव, गंधर्व वा पिशाच यांच्या माथी मारू नये, असे आचार्यांनी स्पष्टपणे बजावले आहे. त्याच संहितेने दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले. औषधांची योजना करणे हे युक्तिव्यपाश्रयाचे कार्य आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हे सत्त्वावजयाचे. म्हणजे देवापुढे हात जोडावेत, पण औषध व मनाची चिकित्सा सोडू नये, हाच परंपरेचा विवेक आहे. निम्हान्समध्ये योगासनांच्या उपयोगाचाही अभ्यास झाला असून औषधांच्या जोडीला योग केल्याने रुग्णांना लाभ झाल्याचे दिसले. 'जोडीला' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. औषध बंद करून केवळ ध्यानधारणेवर रुग्णाला सोपवणे हे योगशास्त्रालाही मान्य होणारे नाही.

मग जावे कोणाकडे? शहरांत आता 'समुपदेशक' अशा पाट्या जागोजागी दिसतात. परीक्षेची भीती, घरातील बेबनाव अशा प्रश्नांत समुपदेशनाचा उपयोग होतो. पण भास आणि भ्रम सुरू झालेल्या रुग्णाला प्रथम गरज असते ती मनोविकारतज्ज्ञाची, म्हणजे वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरची. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य त्यानंतरचे. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे किंवा नाही, हे विचारण्यात संकोच नसावा. रुग्णाला व्याधी समजावून सांगणे, घरच्यांना वागण्याची रीत शिकवणे, त्याला पुन्हा कामाला लावणे हे या दुसऱ्या टप्प्याचे काम. औषधाने झोप येते, वजन वाढते, हात थरथरतात, म्हणून अनेक घरे ते परस्पर बंद करतात आणि आजार उलटतो. असे त्रास डॉक्टरांना सांगितले तर मात्रा वा औषध बदलता येते.

सोयींचा विचार करता मराठवाड्याची उपेक्षा नाकारता येत नाही. राज्याची जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे उभी राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला एकही आले नाही. जालन्यात प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, तो पूर्णत्वास जाईपर्यंत लोकप्रतिनिधींना त्याचे स्मरण करून देत राहणे हे जागरूक नागरिकांचे काम आहे. २०२४ मध्ये जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. १९९६ पासून देशात राबविल्या जाणाऱ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी जिल्हा सामान्य रुग्णालयात करता येते. साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. परंतु मंठा वा भोकरदन तालुक्यातील अल्पभूधारकाला दर महिन्याला एका दिवसाची मजुरी बुडवून, संशयाने घेरलेल्या मुलाला एस.टी.त बसवून नेणे किती कठीण आहे, हे ज्याने केले त्यालाच कळते. पुष्कळांचे उपचार सुटतात ते याच वाटेवर.

जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत या व्याधीचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात आग्रा हे एक केंद्र होते. भारतासारख्या देशांतील रुग्ण प्रगत देशांतील रुग्णांपेक्षा अधिक चांगले सावरतात, असे त्यात आढळले. नंतरच्या संशोधकांनी या निष्कर्षावर प्रश्नही उपस्थित केले. तथापि सांभाळणारे घर हे रुग्णाचे मोठे बळ असते, याविषयी दुमत नाही. मात्र तेच घर लज्जेपोटी रुग्णाला कोंडू लागले, की बळाचे बंधन होते. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मरण पावले. त्यांना तेथे आणून सोडणारे बहुतेक त्यांचेच आप्त होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्णतः मनाई केली आहे. मात्र घराघरांतील अदृश्य साखळी तोडणे कायद्याच्या आवाक्यातले नाही.

ते काम समाजाचे, आणि म्हणून कार्यकर्त्याचे. भूकंप, महापूर, दुष्काळ अशा प्रसंगी न बोलावता धावून जाणारा कार्यकर्ता शेजारच्या बंद खोलीपाशी मात्र अवघडून थांबतो. त्यासाठी निधी वा इमारत लागत नाही. तालुक्यापासून जवळचा मनोविकारतज्ज्ञ कोण आणि त्याचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, एवढी माहिती प्रत्येक स्थानी एकाकडे तरी असावी. पहिल्या भेटीला त्या कुटुंबासोबत एकाने जावे आणि दुसऱ्या महिन्यात औषध सुरू आहे ना, याची विचारपूस करावी. सावरलेल्या तरुणाला दुकानात, शेतात वा संस्थेच्या कार्यालयात झेपेल असे काम द्यावे. कुटुंबप्रबोधनाच्या बैठकीत मधुमेहाप्रमाणे या व्याधीचाही उच्चार व्हावा. आणि कोठे आजार लपवून विवाह ठरत असेल, तर वडीलकीच्या अधिकाराने तो थांबवावा.

समाज हे एक मोठे कुटुंब आहे, असे आपण नित्य म्हणतो. त्या कुटुंबातील सर्वांत एकाकी माणूस आज कोणत्या तरी वाड्यात, कोणत्या तरी माळवदाच्या घरात कडीकुलपाआड बसला आहे. त्याच्या दारावर थाप पडेल तेव्हाच त्या वाक्याला अर्थ येईल.