कंपन्यांचे दोन टक्के आणि गांवचें तळें

मोठमोठ्या कंपन्या हल्लीं खेड्यांत तळ्यांचा गाळ काढून देतात, झाडें लावतात, नाले अडवितात. आणि आमचे शेतकरी बंधु त्या कामाच्या प्रारंभीं हार-नारळ घेऊन उभे राहतात. पाहुण्यांचा मान राखणें योग्यच होय. परंतु ज्यास आपण दान म्हणतों तें वास्तविक दान नव्हे, हें प्रथम ध्यानीं घ्यावें अशी आमची विनंती आहे.

सन 2013 च्या कंपनी कायद्याचें कलम 135 हें 1 एप्रिल 2014 पासून अमलांत आलें. ज्या कंपनीची मागील वर्षाची निव्वळ मत्ता 500 कोटि, किंवा उलाढाल 1000 कोटि, किंवा निव्वळ नफा 5 कोटि रुपये वा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के लोकोपयोगी कामीं खर्च केले पाहिजेत. अशा कामांच्या यादींत पर्यावरणाचें रक्षण आणि माती, पाणी यांची जोपासना हीं स्पष्ट लिहिलेलीं आहेत. सन 2021 पासून तर नियम अधिकच आवळला गेला आहे. न खर्चलेली रक्कम कंपनीस आपल्या तिजोरींत ठेवतां येत नाहीं; चालू कामाची असेल तर स्वतंत्र खात्यांत काढावी लागते, नाहींपेक्षां सरकारनें नेमलेल्या निधींत भरावी लागते. जें देणें कायद्यानें ठरलें आहे तें घेतांना मिंधेपणा कशाला? आम्हीं उभी नोकरी महसुलाच्या दप्तरांत काढली. शेतसारा भरणारास कोणी दानशूर म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

मात्र हा पैसा कोणत्या गांवीं द्यावा हें ठरविणें कंपनीकडेच आहे, आणि कारखान्याच्या आसपासच्या मुलुखास अग्रक्रम द्यावा असें कायदाच सांगतो. अर्थात् जेथें धुराडीं आहेत तेथें पैसा आधीं. कोरडवाहू तालुक्यांची आठवण मागाहून.

आतां गाळाची गोष्ट. महाराष्ट्र शासनानें 2017 सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. उपसण्याचें यंत्र व इंधन यांचा भार शासन आणि अशा कंपन्यांच्या देणग्या यांवर. गाळ शेतांत नेण्याचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा, अशी तिची मूळ मांडणी होती. हलक्या मुरमाड जमिनींत गाळ पडला म्हणजे ओल किती टिकते हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. पण ज्याचा ट्रॅक्टर दारीं उभा आहे त्याच्याच शेतांत थर बसतो, आणि दोन एकरवाला बांधावर उभा राहून धूळ पाहतो. 2023 सालीं लहान खातेदारांस वाहतुकीचें अनुदान देण्याचें ठरलें हें चांगलेंच झालें. तथापि ट्रॉलीचें भाडें आधीं मोजावें लागतें. आमचे बरेचसे वाचक ट्रॅक्टरवाले आहेत, म्हणून त्यांसच स्पष्ट बोलतों: तळें गांवाचें, पैसा लोककार्याचा, तेव्हां खेपाही खातेदारांच्या यादीनें वांटल्या पाहिजेत, आणि ती यादी यंत्र येण्यापूर्वीं ग्रामसभेंत वाचली गेली पाहिजे. गाळ संपून मुरूम लागला कीं यंत्र थांबवावें. बांधाच्या पायथ्याशीं खोदूं देऊं नये, आणि गाळाच्या नांवावर वाळू तर मुळींच जाऊं देऊं नये.

झाडांच्या कामांत याहून अधिक फसगत होते. कंपनीचें वर्ष 31 मार्चला संपतें. आमचें झाड आषाढांत लागतें. वर्षअखेरची घाई म्हणजे काय चीज आहे हें आम्हां कारकुनांस पुरतें ठाऊक आहे! हिशेब पुरा करण्यासाठीं भर उन्हाळ्यांत रोपें आणलीं तर फलक तेवढा उभा राहतो, रोपें जळतात. यास उपाय कायद्यांतच आहे. आरंभाचें वर्ष सोडून पुढील तीन वर्षांपर्यंत चालणारें ‘चालू काम’ म्हणून कंपनीस खर्च मंजूर करतां येतो. तेव्हां गांवकऱ्यांनीं रोपांची संख्या मागण्याऐवजीं तीन उन्हाळ्यांचें पाणी, कुंपण आणि राखणदाराचा पगार मागावा. रोपें गायरानांत लागणार असतील तर ज्यांचीं शेळ्यामेंढरें तेथें चरतात त्यांस आधीं विचारावें. त्यांस न विचारतां घातलेलें कुंपण फार दिवस टिकत नाहीं.

शेवटीं मालकीचा प्रश्न. या पैशांतून झालेली वस्तु कंपनीस स्वतःच्या नांवें ठेवतां येत नाहीं. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्था, लाभार्थ्यांचा गट अथवा सार्वजनिक प्राधिकरण यांजकडे असावी लागते. म्हणून काम हातीं घेण्यापूर्वींच ठरावांत गट क्रमांक, मोजमाप, मालक कोण आणि चौथ्या वर्षीं सांडवा फुटला तर तो कोणी व कोणत्या पैशांतून बांधावयाचा, हें लिहून घ्यावें. मंजूर कामें कंपनीनें आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाचीं असतात. गांवच्या एखाद्या शिकलेल्या मुलाकडून तीं काढवून ठरावाशेजारीं ठेवावीं, आणि जागेवर जाऊन टेप धरावी.