नाटकवाल्यांची ट्रंक जरूर घ्या, पण डांबरगोळ्यांसकट नको

मागच्या महिन्यात विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका सोसायटीने पार्किंगमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार भरवला. जमणारे पैसे डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या औषधांसाठी. डॉक्टर म्हणून मला नारळ फोडायला बोलावले होते. नारळ फोडून दवाखान्यात परतायचे असा बेत होता, पण कोपऱ्यातल्या एका टेबलाने मला तासभर अडकवले.

कुणा हौशी नटाच्या घरच्यांनी त्याची अख्खी ट्रंक दान केली होती. राज्य नाट्य स्पर्धेची प्रमाणपत्रे, प्रयोगांच्या जाहिराती, जपून ठेवलेली तिकिटे, दोन टोप, दाढीमिशांचा डबा, पत्र्याची तलवार, रंगवलेली लाकडी गदा, लाखेच्या तबकड्या, एक भरजरी शेला आणि तळाशी रंगभूषेची पेटी. माझ्यासारख्या नाटकवेड्याला याहून काय हवे! आमच्या धंद्यातले डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. काशिनाथ घाणेकर रंगभूमीवर गेले, आम्ही प्रेक्षागृहात राहिलो, एवढाच फरक.

तेवढ्यात एका काकूंनी तो शेला उचलला. म्हणाल्या, "डॉक्टर, किती सुंदर आहे बघा. उद्या नातवाचं बारसं आहे, यातच गुंडाळून पाळण्यात घालू." ट्रंकेचे झाकण उघडल्यापासून सगळ्या टेबलावर डांबरगोळ्यांचा वास पसरला होता. मी म्हटले, "काकू, बाळाला नका घालू हो यात." त्या चमकल्या. टेबलामागच्या स्वयंसेवकाच्या चेहऱ्यावर तर स्पष्ट दिसत होते, की हा माणूस आमचे गिऱ्हाईक का पळवतोय.

ते त्यांना नीट समजावायला वेळ मिळाला नाही, म्हणून तुमच्यासाठी सविस्तर लिहितो.

मी निवासी डॉक्टर असताना आमच्याकडे नऊ दिवसांचे बाळ आले होते. पिवळेजर्द, मलूल, दूध ओढत नव्हते. आईचा आणि बाळाचा रक्तगट जुळणारा, जंतुसंसर्गाची खूण नाही, बाळंतपण सरळ झालेले. आमच्या मॅडमनी आजीला एकच प्रश्न विचारला, "बाळाला कशात गुंडाळता?" आजीने अभिमानाने सांगितले, की पेटीत वीस वर्षे जपलेली दुपटी खास नातवासाठी काढली आहेत. पेटीत काय होते ते तुम्ही ओळखले असेलच. बाळाचे रक्त बदलावे लागले. बाळ वाचले, पण ते दोन दिवस त्या आजी वॉर्डाच्या दाराशी कशा बसून होत्या, ते मी विसरलेलो नाही. चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. ती पाण्यासारखी आधी वितळून मग उडत नाही, घन स्थितीतूनच तिची वाफ होते आणि ती वाफ कापडाच्या धाग्यांत मुरते. म्हणून गोळी काढून टाकली तरी कपड्याला वास येत राहतो. ही वाफ श्वासावाटे आणि त्वचेतून शरीरात जाते. आपल्याकडे बाळाला तेल लावून मालिश करतात, आणि नॅफ्थलीन तेलात विरघळते. म्हणजे तेल लावलेल्या अंगाला तसले कापड गुंडाळले, तर ते आत शिरायला वाटच मिळते.

बहुतेकांना याने फार तर डोके दुखते. पण काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते. हे विकर पेशीला रासायनिक माऱ्यापासून वाचवते. ते नसले की नॅफ्थलीनमुळे तांबड्या पेशी भराभर फुटतात, कावीळ होते, रक्त कमी होते. नवजात बाळाचे यकृत अजून कच्चे असते. कावीळ फार वाढली तर ती मेंदूपर्यंत पोचते, आणि तिथे झालेली इजा भरून येत नाही. हा दोष आईकडून येतो आणि मुलग्यांत जास्त दिसतो. भारतात पारशी, वाटालिया प्रजापती आणि सिंधी समाजांत त्याचे प्रमाण जास्त असल्याच्या नोंदी आहेत. उल्हासनगरच्या शेजारी बसून हे लिहिताना मला तो शेला साधा शेला वाटत नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

अशा कपड्यांशी संबंध आल्यानंतर बाळ पिवळे किंवा पांढुरके दिसू लागले, लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर कोवळ्या उन्हात धरण्यात वेळ घालवू नका. कपडे काढा, अंग धुवा आणि तडक बालरोगतज्ज्ञांकडे जा. डांबरगोळ्यांचा उल्लेख स्वतःहून करा, कारण तो प्रश्न विचारायचे कुणाला सुचेलच असे नाही. जी-सिक्स-पीडीची तपासणी साध्या रक्ताच्या थेंबावर होते. आणखी एक गोष्ट. रांगत्या मुलाला डांबरगोळी काय आणि कापराची वडी काय, दोन्ही पेपरमिंटच वाटतात. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात.

आता रंगभूषेची पेटी. या बाबतीत मी हट्टी आहे: ती विकूच नये. जुन्या काळी तोंडाला रंग लावताना सफेदा, हिंगूळ, मुर्दाडशिंग, काजळ असे पदार्थ वापरत. हिंगुळात पारा असतो, मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साइड. सफेदा जस्ताचाही असतो आणि शिशाचाही, आणि डबीकडे नुसते बघून कोणता ते कळत नाही. जपानमध्ये १८८७ साली सम्राटांसमोर काबुकीचा प्रयोग चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नटाचा पाय थरथरू लागला. तोंडाला लावायच्या शिशाच्या पांढऱ्या रंगाचा तो परिणाम होता. पुढे क्योटोच्या हिराई या बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले, की तान्ह्या मुलांत मेंदूज्वर म्हणून ओळखला जाणारा एक आजार खरे तर त्यांच्या आयांच्या पावडरमधल्या शिशाची विषबाधा होता. आई पावडर लावते, बाळ तिच्या अंगाला तोंड लावते, इतके ते सरळ होते. तेव्हा शाळेच्या गॅदरिंगसाठी स्वस्तात पेटी मिळाली म्हणून ती मुलांच्या चेहऱ्यावर वापरू नका. ठेवायचीच असेल तर बंद करून काचेच्या कपाटात ठेवा.

रंगवलेली गदाही त्याच रांगेतली. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाचे पापुद्रे निघत असतील, तर ती गदा भिंतीवर शोभेल, नातवाच्या हातात नको.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, डॉक्टर, मग हे सगळे भंगारातच द्यावे की. नाही हो! उलट मला जास्त राग त्याचाच येतो. म्हातारा नट गेला की घरचे "जंतू असतील" म्हणून ट्रंक कचऱ्यात टाकतात. कसले जंतू? उवा डोक्यापासून सुटल्या की एक-दोन दिवसांत मरतात, वर्षानुवर्षे डब्यात पडलेल्या टोपात त्या नसतात. ढेकूण मात्र उपाशीपोटी महिनोन्‌महिने काढतात, आणि नायट्याची बुरशीही कापडावर बराच काळ तग धरते. म्हणून जे धुता येईल ते गरम पाण्यात धुवून, उन्हात वाळवून, कडक इस्त्री करा. जरीचे कापड धुता येत नाही. ते गॅलरीत सावलीत वास जाईपर्यंत टांगा, त्याला आठवडे लागले तरी लागू द्या. वास गेला तरी तान्ह्या बाळासाठी ते नकोच.

कागदांचे वेगळे. आपल्या भागात २००५ आणि २०१९ च्या पावसात कितीतरी घरांत पाणी शिरले होते. ओल लागलेल्या कागदाला बुरशीचा कुबट वास येतो. दमा असेल तर असा गठ्ठा स्वतः झटकू नका, दुसऱ्या कुणाला तरी मास्क लावून बाहेर मोकळ्यावर साफ करू द्या. पत्र्याच्या तलवारीने हात कापला तर धनुर्वात गंजामुळे होत नाही, धूळमातीतल्या जंतूमुळे होतो. जखम मळलेली असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटली असतील, तर दुसरे घ्या. रंगमंचावरचा जुना दिवा मिळाला तर तो प्लगमध्ये खुपसू नका. त्याच्या वायरीवरचे पांढरट विणलेले आवरण अॅस्बेस्टॉसचे असू शकते. ते कुरतडू नका, झटकू नका.

घ्यायचे कशासाठी, तेही सांगतो. माझ्याकडे स्मृतिभ्रंश झालेले एक काका येतात. मुलाचे नाव त्यांना आठवत नाही. मुलाने जुन्या नाटकाची जाहिरात हातात दिली, तर त्यांनी त्यावरच्या चार नटांची नावे सांगितली आणि प्रयोगाच्या रात्री शेवटची कर्जत लोकल कशी चुकली तेही सांगितले. यात चमत्कार काही नाही. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात सर्वांत ठळक राहतात, आणि ऐकलेली गाणी तर बाकी बरेच पुसले गेल्यावरही टिकतात. जुन्या वस्तू दाखवून आठवणी जागवण्याच्या उपचारांवर संशोधन झाले आहे. त्यात दिसलेला फायदा लहान आहे आणि सगळ्यांना सारखा नाही. आजार थांबत नाही. पण बापलेकांना अर्धा तास गप्पा मारता आल्या, आणि माझ्या कपाटातली कुठलीही गोळी ते करू शकत नाही. आणि जाहिरात, तिकीट, तबकडी यांत धोकाही जवळजवळ काहीच नाही.

नाटकाने दुसऱ्यासाठी पैसे उभे करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान केले. त्यानंतर काही महिन्यांतच केशवराव विषमज्वराने गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आज ज्यावर साधे अँटिबायोटिक पुरते, त्या आजाराने. पुढे डॉ. लागू, निळू फुले यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. न्यूयॉर्कमध्ये तर नाटकवाले १९८७ पासून एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी नाटकांच्या जुन्या वस्तूंचा बाजारच भरवतात. तेव्हा आपल्या पार्किंगमधला बाजार मला मनापासून आवडला.

पण दान आलेली वस्तू आहे, म्हणून ती तपासायची नाही, हे मला पटत नाही. रुग्णांसाठी पैसे जमवताना दुसऱ्याच्या घरी आजार पाठवायचा नसतो. आयोजकांना फार करायचे नाही. ट्रंक आली की आठवडाभर आधी उघडा, डांबरगोळ्या काढून फेका, कपड्यांवर "तान्ह्या बाळासाठी नाही" अशी चिठ्ठी लावा, रंगभूषेची पेटी बाजूला ठेवा. एका संध्याकाळचे काम आहे. यापुढे नारळ फोडायला बोलावलेत, तर मी हे काम करायला आदल्या दिवशीही येईन.

काकूंनी शेवटी शेला घेतलाच, पण स्वतःच्या खांद्यावर मिरवायला, तोही पुढच्या दिवाळीला. तोवर गॅलरीत टांगते म्हणाल्या. जाताना मागे वळून विचारले, "डॉक्टर, घरच्या कपाटातल्या दुपट्यांत पण गोळ्या आहेत, त्या?" त्यांना म्हटले, बारसे उद्या आहे, आज घरी जाऊन सगळी दुपटी धुवून वाळत घाला, आणि गोळ्या घराबाहेर टाका. त्या तशाच रिक्षात बसल्या. बारशाला जाऊन आलो. बाळ नव्या सुती दुपट्यात होते.

मी त्या टेबलावरून दोन तिकिटे आणि एक तबकडी घेतली. ती वाजवायला यंत्र नाही. कुणाकडे चालू ग्रामोफोन असेल तर दवाखान्यात कळवा.