फळा, पडदा आणि परावलंबन

शिक्षणसंस्थेत एखादे नवे साधन येते तेव्हा त्याची किंमत किती, हा प्रश्न अगत्याने विचारला जातो. ते सोडावे लागले तर किती किंमत मोजावी लागेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वर्गातील सादरीकरणाच्या ऑनलाइन साधनांबाबत नेमके हेच घडत आहे. गूगल स्लाइड्स, कॅनव्हा, प्रेझी इत्यादी साधनांचा प्राथमिक वापर विनामूल्य असल्यामुळे निवडीत फारसे काही पणास लागलेले नाही, अशी समजूत रूढ होऊ पाहते. अर्थशास्त्राच्या अध्यापकास ती मान्य होण्यासारखी नाही.

गूगलच्याच ‘जॅमबोर्ड’चे उदाहरण बोलके आहे. हा ऑनलाइन फळा साथीच्या काळात असंख्य शिक्षकांनी आपलासा केला. 2023 मध्ये कंपनीने तो बंद करण्याचे जाहीर केले आणि 31 डिसेंबर 2024 रोजी तो बंद झाला. कंपनीने मुदत दिली होती, पर्यायही सुचविले होते; तेव्हा तिने अन्याय केला असे म्हणता येणार नाही. परंतु वर्षानुवर्षांची टिपणे हलविण्याचे श्रम कोणाच्या माथी आले? अर्थात शिक्षकांच्या. फुकट मिळालेल्या वस्तूचे मोल असे मागाहून चुकते करावे लागते.

म्हणून निवडीची पहिली कसोटी आकर्षकपणाची नसून मालकीची असली पाहिजे. तयार केलेले सादरीकरण आपल्या संगणकावर उतरवून घेता येते काय, आणि ते दुसऱ्या प्रणालीत उघडते काय? या दृष्टीने लिबरऑफिसमधील ‘इम्प्रेस’सारखे मुक्त साधन अधिक विचारात घेतले जावयास हवे. ते ज्या खुल्या स्वरूपात फाइल जतन करते, त्यास 2006 मध्येच आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली आहे.

दुसरी कसोटी परिस्थितीची. सुकापूरसारख्या, पनवेलला लागून झपाट्याने वाढलेल्या वस्तीत मोबाइल घरोघरी आहे. पण एकाच मोबाइलवर दोन भावंडांचा अभ्यास आणि वडिलांचे कामकाज चालते, हेही तितकेच खरे. पावसाळ्यात एखाद्या दुपारी वीज गेली की जोडणीही जाते. अशा वेळी जोडणीशिवाय न उघडणारे साधन वर्गात निरुपयोगी ठरते आणि तासिका वाया जाते.

तिसरी कसोटी भाषेची. युनिकोडपूर्व टंकांत घडविलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर कसा निरर्थक चिन्हांचा ढीग होतो, याचा अनुभव पुष्कळांना असेल. ज्या साधनात जोडाक्षरे तुटतात, ते कितीही देखणे असले तरी मराठी माध्यमाच्या वर्गासाठी त्याज्यच मानले पाहिजे.

चौथी कसोटी विद्यार्थ्याच्या खाजगीपणाची. अकरावी-बारावीतील बहुतेक मुले 18 वर्षांखालील असतात. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशा मुलांच्या माहितीवरील प्रक्रियेसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्यास परक्या संकेतस्थळावर खाते उघडावयास लावण्यापूर्वी त्याची खरोखर आवश्यकता आहे काय, याचा विचार संस्थांनी केला पाहिजे.

या चारही कसोट्या पार पडल्या तरी एक प्रश्न उरतोच. सादरीकरण विचारास साहाय्य करते, की विचाराची जागा घेते? 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया अवकाशयान कोसळून कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा अंत झाला. तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड्सवर विसंबण्याच्या प्रथेवर त्या दुर्घटनेच्या चौकशी मंडळाने टीका केली होती. वर्गात प्राण जात नाहीत. पण तर्काची साखळी तुटते, ती अशीच. मागणीचा विस्तार आणि मागणीतील वृद्धी यांत विद्यार्थी हमखास गल्लत करतात. कांद्याचा भाव उतरला म्हणून मागणी वाढली तर आपण त्याच वक्रावर खाली सरकतो. उत्पन्न वाढल्यामुळे वाढली तर वक्रच उजवीकडे सरकतो. आयत्या स्लाइडवर दोन्ही रेषा तयार असतात आणि मुले त्यांचे छायाचित्र घेऊन मोकळी होतात. फळ्यावर तीच रेषा खडूने हळूहळू उमटते. ती कोठे जाईल, हे मुलांना आधी सांगावे लागते. चुकले तर पुसताही येते.

याचा अर्थ पडदा गुंडाळून ठेवावा असा नव्हे. किंमत निर्देशांकाचा अनेक वर्षांचा आलेख किंवा जनगणनेचे तक्ते पडद्यावरच शोभतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतांची जोड देण्याच्या त्यांच्या कार्याची त्यात दखल होती. तेथेही पुस्तक हद्दपार झाले नाही, त्याला जोड मिळाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तात्पर्य, एकच साधन सर्वांनी वापरावे असा फतवा काढण्याऐवजी संस्थांनी या कसोट्या ठरवून द्याव्यात आणि निवड अध्यापकावर सोपवावी. गणिताच्या आणि इतिहासाच्या वर्गाची गरज एक नसते. शिवाय आपले साहित्य आपल्याजवळ जतन करण्याची शिस्त प्रत्येक विभागाने आजच लावून घ्यावी. साधने येतील आणि जातील. शिक्षकाची वर्षांची मेहनत त्यांच्याबरोबर जाता कामा नये.