‘स्टार्व्ह’ : अर्थसंकोचाचे एक अवघड उदाहरण

अर्थसंकोच शिकवायचा म्हटला की आपल्या वर्गांत ‘मृग’ ठरलेला असतो. मूळ अर्थ पशू, पुढे केवळ हरीण. जोडीला इंग्रजी ‘डीअर’, त्याचाही मूळ अर्थ पशूच. उदाहरण निर्दोष आहे, पण ते निरुपद्रवीही आहे. शब्दांचे अर्थ वयोमानपरत्वे आपोआप आक्रसतात, असा समज घेऊन विद्यार्थी बाहेर पडतो. त्याऐवजी इंग्रजीतील ‘स्टार्व्ह’ हे नित्याचे क्रियापद फळ्यावर लिहावे, असे सुचवावेसे वाटते.

प्राचीन इंग्रजीत ‘स्टेओर्फान’ म्हणजे मरणे, कशानेही मरणे. जर्मन ‘श्टेर्बेन’ आणि डच ‘स्टेर्व्हेन’ आजही तोच अर्थ सांभाळून आहेत. चौदाव्या शतकात चॉसर ‘ट्रॉइलस अँड क्रिसेड’च्या अखेरीस ख्रिस्ताच्या क्रुसावरील मृत्यूसाठी हेच क्रियापद योजतो, तेथे भुकेचा संबंधच नाही. मग हा अर्थ गेला कोठे? बाराव्या शतकाच्या सुमारास लिखित इंग्रजीत ‘डाय’ दिसू लागते. बहुतेक व्युत्पत्तिकारांच्या मते ते स्कँडिनेव्हियातून आलेल्यांच्या भाषेतले. ‘मृत’ आणि ‘मृत्यू’ यांसाठी इंग्रजीचे स्वतःचे शब्द टिकले, मरण्याची क्रिया मात्र पाहुण्या शब्दाने व्यापली. मरणे या अर्थाचे ‘स्वेल्टान’ हे आणखी एक क्रियापद होते. त्याच्या वंशातील ‘स्वेल्टर’ आज उकाड्याने हैराण होण्यापुरते उरले आहे. ‘स्टार्व्ह’च्या वाट्याला भूक आली, इंग्लंडच्या उत्तरेकडील बोलींत थंडीही. तिकडे ‘स्टार्व्ह्ड’ म्हणजे गारठलेला.

म्हणजे हा संकोच आपोआप झालेला नाही, एका शब्दाने दुसऱ्याला मध्यवर्ती जागेवरून हटविले आहे. शिवाय तो बोलीबोलीनुसार वेगळा आहे. आपल्या क्रमिक पुस्तकांतील ‘संकोच, विस्तार, अपकर्ष, उत्कर्ष’ या चौकटीत परिवर्तनाचा परिणाम तेवढा नोंदला जातो, शब्दाशब्दांतील हा झगडा निसटतो. पुढे तर अर्थातील मरणही निघून गेले. जेवायला अर्धा तास उशीर झाला की इंग्रज माणूस हेच क्रियापद वापरतो, जसे आपण ‘भुकेने मेलो’ म्हणतो. खरोखरच मृत्यू झाला असेल तर त्याला पुढे ‘टू डेथ’ जोडावे लागते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही द्विरुक्ती, व्यवहाराच्या दृष्टीने गरज.

परंतु या क्रियापदाचे सकर्मक रूपही आहे : कोणीतरी कोणाला तरी उपाशी मारणे. त्यात कर्ता अटळ असतो. ‘स्टार्व्हेशन’ या नामात तो लपतो. इंग्रजी धातूला लॅटिन वळणाचा प्रत्यय लावून सिद्ध झालेला हा शब्द हेन्री डंडास यांनी १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींच्या व्यापारबंदीवरील संसदीय चर्चेत उच्चारला आणि ते त्यांचे टोपणनावच होऊन बसले. हेच डंडास पुढे १७९३ ते १८०१ या काळात हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष होते.

मराठीचा ‘उपासमार’ या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. त्यात ‘मार’ उघड ऐकू येतो. मात्र ‘उपासमार करणे’ आणि ‘उपासमार होणे’ यांत केवढे अंतर आहे! वृत्तपत्रांत बहुधा ती ‘होते’. १९९० च्या दशकात मेळघाटातील बालमृत्यू गाजले, तेव्हाही ‘भूकबळी’ म्हणायचे की ‘कुपोषण’ हा वाद उपस्थित झाला होता. तो केवळ शब्दांचा वाद नव्हता. ‘बळी’ म्हटले की घेणारा कोण हे विचारता येते; ‘कुपोषण’ ही शरीराची अवस्था, तिला कर्ता लागत नाही.

आणि आपल्याकडे तर अर्थसंकोचाची वाट न पाहता विधिमंडळाने शब्दच काढून टाकला आहे. १९६३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने राज्यात लागू असलेल्या कायद्यांतील ‘फॅमिन’ हा शब्द वगळून त्या जागी ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, घालण्यात आला. टंचाईची चिन्हे दिसताच शासन उपाय योजते, सबब दुष्काळाला वाव उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका. नऊच वर्षांनी १९७२ उजाडले. त्या सालाला ‘बहात्तरची टंचाई’ म्हणणारा मराठवाड्यात कोणी भेटल्याचे ऐकिवात नाही. सगळे ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हणतात. हा अधिनियम आणि ही लोकभाषा पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे शेजारी शेजारी ठेवली, तर अर्थ कोण ठरवितो हा प्रश्न तो स्वतःच विचारील. ‘मृग’ पाहून तो तसे काही विचारीत नाही.